मुक्ताबाईचा जबाब

वारजे, पुणे
४ सप्टेंबर २०२४

चि. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. "आबा, सेफ्टीच्या पेपरला काठावर पास झाले, काहीतरी शिकवा." एवढ्या सव्वा ओळीसाठी तू टपालखात्याला कामाला लावलंस, हे कौतुकास्पद आहे.

तुझ्या बापाने तुला सांगितलं असेल की त्याचे काका अपघात-चौकशी कार्यालयात मोठे अधिकारी होते. तो लहानपणापासून हेच सांगत आलाय. मी लेखनिक होतो. विमान पडलं की अधिकारी अवशेष तपासायचे आणि मी जवळपास एखादी पत्र्याची खुर्ची मिळवून साक्षीदारांचे जबाब लिहून घ्यायचो. एकतीस वर्षं हेच केलं. नाव हिंमतराव, पण विमानात एकदाही बसलो नाही. का ते वह्या वाचल्यावर तुला कळेल.

या वह्या म्हणजे माझी खासगी टिपणं. कुठलं विमान, काय घडलं, कोण काय म्हणालं, शेवटी कारण काय निघालं. त्यांच्या झेरॉक्स सोबत पाठवतोय. रोज एकच प्रकरण वाच. कादंबरीसारखं वाचत सुटू नकोस, त्यातली माणसं खरोखर मेलेली आहेत.

शिकवीन, पण माझ्या पद्धतीने. फोनवर नाही. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि वाऱ्यावर गेलेल्या गोष्टींच्या चौकशीतच माझा जन्म गेला. प्रत्येक उड्डाणानंतर तू त्याचा जबाब लिहायचास, जणू अपघात झाला आहे आणि तू साक्षीदार आहेस. शाईच्या पेनाने. चुकलं तर त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. गिरगटून टाकायचं नाही, पान फाडून नव्याने लिहायचं तर मुळीच नाही. माणूस आधी काय म्हणणार होता, ते पुष्कळदा जास्त कामाचं असतं. आणि शेवटी लिहायचं, "जबाब वाचून पाहिला. बरोबर आहे." त्याखाली सही. ही ओळ नसेल तर तो जबाब नव्हे, किराण्याचा कागद.

प्रकृतीला जप. मेसमधलं दही खाऊ नकोस.

तुझा,
आबा


निमखेड धावपट्टी
१९ सप्टेंबर

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

चिठ्ठीबद्दल सॉरी. इथे मोबाइलला रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं तरच येते, त्यामुळे पत्र लिहिणं मला तसं सोयीचंच आहे. माझी रूममेट वैष्णवी म्हणते, तुझे आबा भारी आहेत, पण भीतिदायक. मी म्हटलं, दोन्ही बरोबर.

वह्या वाचतेय. दुसऱ्या वहीतलं ते विमान धुतल्यावर उंची-वेग मोजणाऱ्या भोकांवरची चिकटपट्टी काढायची राहिली म्हणून पडलेलं, ते वाचून मला जेवण गेलं नाही. चिकटपट्टी, आबा! दोन बोटं रुंद. चौथ्या वहीत विमानाच्या शेपटीत मेकॅनिक विसरलेली हातातली बॅटरी. वाचल्यापासून मी उड्डाणाआधी विमानाभोवती दोन फेऱ्या मारते. परवा चाकाच्या कोनाड्यात संतोषदादाचं हात पुसायचं फडकं सापडलं. संतोषदादा म्हणजे आमचे मेकॅनिक. त्यांनी थँक यू म्हणण्याऐवजी "अहो मॅडम, ते मीच शोधत होतो" एवढंच म्हटलं.

आमच्याकडे चार विमानं आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं ते "म्हातारी". माझा नंबर बहुतेक तिच्यावरच लागतो. माझे इन्स्ट्रक्टर संपत सर म्हणतात, म्हातारीवर शिकलेला माणूस कशावरही उडतो. सोमवारच्या उड्डाणाचा जबाब सोबत जोडलाय. खाडाखोड शून्य, बघा.

एक विचारायचं होतं. झेरॉक्समध्ये आठव्या वहीनंतर एकदम दहावी आहे. नववी राहिली का?

तुमची,
तेजू


वारजे
३० सप्टेंबर

चि. तेजस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

फडकं सापडलं हे वाचून मला खरोखर आनंद झाला. चौथ्या वहीतल्या माणसाच्या बायकोला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

जबाब चांगला लिहिला आहेस. वेळा, उंची, वारा, सगळं जागच्या जागी. एक गोष्ट मात्र समजली नाही. वर लिहिलंस की इंजिन सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्यवस्थित चाललं. आणि सहीच्या वर एक ओळ लिहून खोडली आहेस, "इंजिन तीनदा खोकलं." रेघ एकच आहे, नियमाप्रमाणे, त्याबद्दल शाबासकी. पण खोकलं की नाही खोकलं? जबाब दोन तोंडांनी बोलत नाही. आणि "खाडाखोड शून्य" असं पत्रात लिहून पुन्हा खाडाखोड करायची, हे तुझ्या बापाचं वळण.

नववी वही वाळवीने खाल्ली. त्यात विशेष काही नव्हतं.

आबा


निमखेड
११ ऑक्टोबर

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

आबा, मी तसं काही लिहिलेलंच नाही. इंजिन खोकलं नाही. मी ओळ लिहिली नाही आणि खोडलीही नाही. तुम्ही माझी परीक्षा घेताय ना? साक्षीदार दबावाखाली जबाब बदलतो का ते बघताय? पाचव्या वहीत तुम्ही एका हवालदाराबरोबर हेच केलं होतंत, मी वाचलंय.

तर मी बदलत नाही. या वेळचा जबाब वैष्णवीने पाकीट बंद करण्याआधी वाचला आहे आणि पाकिटाच्या मागे सही केली आहे. एकही रेघ नाही.

जबाबात लिहिली नाही अशी एक गोष्ट पत्रात लिहिते, कारण ती जबाबात बसत नाही. गुरुवारी संपत सरांबरोबर उतरत होते. शेवटच्या वळणावर हेडफोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला, बोलायच्या आधी माणूस खाकरतो तसा. मला वाटलं सर काही सांगणार. मी थांबले. सर काहीच बोलले नाहीत. खाली उतरल्यावर विचारलं तर म्हणाले, मी तर खाकरलो नाही, आणि रेडिओवरही कुणी नव्हतं. मग म्हणाले, म्हातारीच्या वायरिंगला काहीही ऐकू येतं. ते हसले, मीपण हसले. पण मला ते आवडलं नाही.

नोव्हेंबरच्या पंचवीसला माझं एकटीचं पहिलं लांब उड्डाण ठरलं आहे. दीड तास जायचं, उतरायचं, परत यायचं. म्हातारीवरच.

तुमची,
तेजू


वारजे
२१ ऑक्टोबर

तेजस्विनी,

थट्टेलाही काही सीमा असते. पाकिटामागे मैत्रिणीची सही आहे आणि आत जबाबाच्या खाली, तुझ्या अक्षरात, एका रेघेने खोडलेलं वाक्य आहे: "उसाचा पाला दोन्ही दारांना लागला."

निमखेडला ऊस नाही. तू कधी उसात उतरलेली नाहीस. तुला मांजरी गावच्या अपघाताचं कोणी सांगितलं? तुझ्या बापाला ते माहीत नाही. कार्यालयातले त्या वेळचे दोघेही आता नाहीत. मला नाव पाहिजे.

तो कागद परत पाठवत आहे. स्वतः बघ आणि उत्तर दे.

हिंमतराव


निमखेड
२ नोव्हेंबर

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला पहिल्यांदाच चिरंजीव लिहिलं नाही आणि खाली आबा लिहिलं नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि रडले, हे सांगून टाकते.

कागद मिळाला. आबा, त्यावर काहीही नाही. मी बघितलं, वैष्णवीने बघितलं. आम्ही तो दुपारी मैदानात उन्हात धरून पाहिला, बोटाने चाचपला. माझा जबाब, "वाचून पाहिला, बरोबर आहे", आणि सही. मधे कोरी जागा. तुम्हाला दिसलेली ओळ आम्हाला दिसत नाही.

आधी वाटलं, तुमचे डोळे. मग वाटलं, मला लाज वाटायला हवी, कारण तुम्ही सत्तर वर्षांत शब्द चुकीचा वाचला असेल असं मला वाटत नाही. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. मी मांजरीचं नावही कधी काढलं नव्हतं, आबा. ते तुम्ही काढलंत.

दिवाळीला घरी गेले नाही, तासांची भर करायची होती. हॉस्टेल रिकामं आहे. हेडफोनमधलं खाकरणं आता दर उड्डाणाला होतं, तीनदा, नेहमी शेवटच्या वळणावर. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर मेडिकलला पाठवतील आणि पंचवीस तारीख जाईल.

नववी वही वाळवीने खाल्लेली नाही ना? मला ती पाठवा. मला भीती वाटतेय, आणि ती उडण्याची नाही. कुणीतरी मला काहीतरी सांगतंय आणि मला ते ऐकूच येत नाहीये, ही भीती आहे.

तुमची,
तेजू


वारजे
१२ नोव्हेंबर

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

मला माफ कर. आधी हे लिहितो, म्हणजे पुढचं लिहिताना पेन अडणार नाही.

नववी वही माझ्या कपाटात आहे. सकाळीच काढली. त्यात एकच प्रकरण आहे. नोव्हेंबर १९८९, एका उड्डाणशाळेचं दोन आसनांचं विमान मांजरीच्या उसात पडलं. ती शाळा आता नाही. आत एकटाच विद्यार्थी होता, विश्वजीत, वय बावीस. एकटं लांब उड्डाण करून तो परत येत होता. टाकीत पेट्रोल होतं, इंजिन खोलून पाहिलं तर ठणठणीत. मग कारण काय उरलं? विद्यार्थी घाबरला, त्याने इंजिन बंद पडू दिलं. तसंच अहवालात गेलं.

एकच साक्षीदार होती, त्या शेताची मालकीण मुक्ताबाई. मी बांधावर बसून तिचा जबाब घेतला. तिचे शब्द असे होते:

"इमान खोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग मुकं झालं. उसात शिरलं तवा पाला दोन्ही दारांना लागला व्हता. आतला जिता व्हता, घसा खाकरत व्हता, कायतरी सांगाया बघत व्हता. आमच्या मालकांनी टाकीचं टोपण फिरवलं, तवा इमानानं उसासा टाकला. लई लांब. मग त्यो गेला."

मालक म्हणजे तिचा नवरा सीताराम. पेट्रोल वाया जाईल म्हणून तो डबा घेऊन गेला होता. पुढे चोरीचा आळ येईल या भीतीने त्याने तोंडच उघडलं नाही. बोलली ती एकटी बाई.

साहेबांनी जबाब वाचला आणि म्हणाले, "हिंमतराव, विमान उसासा टाकतं असं आपण दिल्लीला कळवायचं का?" त्यांनी तो कागद मला परत दिला. मी घरी येऊन नवा जबाब लिहिला. विमान आलं, पडलं, मी पळत गेले, वैमानिक मरण पावला होता. चार ओळी, स्वच्छ, एकही रेघ नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिचा अंगठा घेतला. खाली लिहिलं, "वाचून दाखवला, बरोबर आहे." मी वाचून दाखवला नव्हता.

तुला खाडाखोडीचा नियम शिकवणारा माणूस हा असा आहे.

इथवर मी स्वतःला समजावू शकलो असतो. पण दोन वर्षांनी कार्यालयात एका बाहेरच्या देशाच्या अपघाताचा अहवाल आला. पेट्रोलच्या टाकीला हवा घ्यायला पंखाखाली एक बारीक नळी असते. त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. पेट्रोल खर्च होत गेलं तशी टाकीत पोकळी झाली, आणि मग टाकी भरलेली असूनही पेट्रोल खाली उतरेना. इंजिन खोकत खोकत बंद पडलं. नंतर कुणी टोपण उघडलं, तेव्हा टाकीने जोराने हवा ओढून घेतली. तो अहवाल मी दोनदा वाचला. मुक्ताबाईने जे ऐकलं ते शब्दशः खरं होतं. मी उठून साहेबांकडे जायला हवं होतं. प्रकरण बंद झालं होतं, माझी बढती यायची होती, मी वही कपाटात ठेवली. विश्वजीतच्या आईने आजवर पस्तीस वर्षं ऐकलं की तिच्या मुलाने आपल्या चुकीने जीव घालवला.

परवा वरच्या मजल्यावरची श्रद्धा मला तिच्या गाडीतून मांजरीला घेऊन गेली. मुक्ताबाई आहे. त्या शेतावर आता चौदा मजले उभे आहेत आणि त्यातल्या चौथ्यावर ती राहते. तिने मला लगेच ओळखलं. मी म्हटलं, मुक्ताबाई, जबाब पुन्हा लिहून घ्यायला आलो आहे. ती हसली नाही की रागावली नाही. "तुमी आज आलात," ती म्हणाली, "त्यो तर दरसाल येतोय."

मी विचारलं, कोण.

"त्योच. ऊस व्हता तवा बांधाव उबा ऱ्हायचा. आता खाली पार्किंगात ऱ्हातो, भर दुपारचा. तीनदा खाकरतो आन इचारतो, लिहून घेतलं का. म्या सांगते, घेतलं बाबा, अंगठा बी दिला. त्यो मान हालवतो, न्हाई म्हनतो."

तेजू, मी एकतीस वर्षं साक्षीदार पाहिले. खोटं बोलणारा कुठे बघतो ते मला कळतं. ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

परत येताना श्रद्धा गाडी काढायला पुढे गेली आणि मी पार्किंगात थोडा वेळ उभा राहिलो. कुणी नव्हतं. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. त्या दिवशी डाव्या बाजूनेच कुणीतरी घसा खाकरला.

पंचवीसला अजून अवकाश आहे, पत्र वेळेत पोचेल. म्हातारीच्या पंखाखालची ती नळी बघितल्याशिवाय तिच्यात पाऊल ठेवू नकोस. संपत सरांना हे पत्र दाखव. माझी लाज राखायची गरज नाही.

आबा


निमखेड
१४ नोव्हेंबर

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र अजून आलेलं नाही. मी वाट बघणार होते, पण हे आजच लिहायला हवं. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका.

काल संध्याकाळी संपत सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात धुकं आहे, तू उद्याच जा. म्हणजे पंचवीसचं उड्डाण आज झालं. म्हणजे व्हायचं होतं.

सकाळी एक मुलगा म्हातारीवर पाऊण तास उडून आला. आमच्याकडे पद्धत अशी आहे की टाक्यांची टोपणं उघडून पेट्रोल मोजायचं ते दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी. दुसऱ्याने फक्त काटा बघायचा. शिडी एकच आहे, हँगर लांब आहे, आणि संतोषदादांना ती दोनदा आणायला सांगितलं की ते दिवसभर बोलत नाहीत. कुठल्याही पुस्तकात ही पद्धत लिहिलेली नाही, पण सगळे तसंच करतात. मीपण वर्षभर तसंच करत आले. काटा बघितला, पेट्रोल भरपूर. दोन फेऱ्या मारल्या. सगळं ठीक.

मग पंखाच्या सावलीत बसून वही उघडली. वाटलं, आज पहिल्यांदा एकटी लांब जातेय, तर निघण्याआधीचाही जबाब लिहावा. वेळ, वारा, पेट्रोल. शेवटी लिहिलं, "जबाब वाचून पाहिला," आणि खरोखर पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. आबा, मधे एक ओळ होती. माझ्याच अक्षरात. एका रेघेने खोडलेली, शाई ओली होती, बोटाला लागली. "टोपण फिरवून बघ."

मी ती लिहिली नव्हती. पण या वेळी ती मला दिसत होती.

मी संतोषदादांना शिडी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, सकाळी उघडली होती की." मी म्हटलं, पुन्हा उघडायची आहे. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मुकाट्याने आणली. मी वर चढले आणि डावं टोपण फिरवलं. ते निघेना, लोणच्याच्या बरणीचं झाकण ओढून बसतं तसं. दोन्ही हातांनी जोर लावला आणि ते सुटलं, आणि म्हातारीने श्वास घेतला. लांब, खोल, मला संपेलसंच वाटेना. संतोषदादा शिडी सोडून दोन पावलं मागे सरले. मग पंखाखाली वाकून त्यांनी हवेची नळी बघितली. तोंड मातीने लिंपलेलं होतं, गुळगुळीत. कुंभारीण माशीचं घर. संपत सर म्हणाले की पाऊण तास कसाबसा निघाला, पण दीड तास निघाला नसता. मग ते विमानाच्या चाकापाशी खाली बसले.

आता ती ओळ वहीत नाही. बोटावर शाई मात्र आहे.

मला तो आवाज आठवला की रडू येतं, आणि ते भीतीचं नाही. कुणीतरी फार दिवसांनी श्वास सोडला असं वाटलं. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल.

तुमची,
तेजू


वारजे
२३ नोव्हेंबर

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं पत्र तुला सोळाला मिळालं असेल, म्हणजे मी तुला दोन दिवस उशिरा वाचवलं. पस्तीस वर्षांची सवय आहे मला उशिराची. तुझं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसलो. देवघरापर्यंत चालवेना म्हणून जागेवरूनच हात जोडले. कुणाला जोडले ते तुला कळेल.

वेडेपणाचं वाटलं नाही. उसासा दप्तरात लावायचा नाही, ही चूक मी पुन्हा करणार नाही.

परवा मांजरीला पुन्हा गेलो. या वेळी मुक्ताबाईला तिचा जबाब तिच्याच शब्दांत वाचून दाखवला, दोनदा. तिने एक दुरुस्ती सांगितली: खाकरत होता तेव्हा त्याचा हात वर होता, पंखाकडे. मी ओळीवर एक रेघ मारून दुरुस्ती केली. तिने अंगठा दिला. सोबत माझा स्वतःचा जबाब जोडला, मी काय केलं आणि का केलं याचा, आणि दोन्ही कार्यालयाला रजिस्टरने पाठवले. ते काय करतील ते करोत.

मग कात्रजला गेलो. विश्वजीतची आई इंदुबाई तिथे मुलीकडे असते, निशाकडे. वय चौऱ्याऐंशी. मी दारातच कोण ते सांगितलं. निशाताई मला आत घेईनात, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. इंदुबाईनेच आतून बोलावलं. मी जबाब वाचला. ती ऐकत राहिली. पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो घाबरला नव्हता." मी म्हटलं, नाही, तो शेवटपर्यंत सांगायचा प्रयत्न करत होता. तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला जायला सांगितलं. क्षमा केली नाही. मी मागितलीही नाही.

मुक्ताबाईच्या जबाबाची प्रत तुला पाठवतो आहे. नवव्या वहीच्या जागी ठेव. अंगठ्याखाली मी जागा कोरी सोडली आहे. "वाचून दाखवला, बरोबर आहे" हे मी एकदा खोटं लिहिलं होतं. या वेळी खरं असूनही हात धजला नाही.

पुढचं उड्डाण कधी ते कळव.

आबा


निमखेड
३ डिसेंबर

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

काल जाऊन आले. एकटी, दीड तास जाणं, दीड तास येणं. आता प्रत्येक उड्डाणाआधी दोन्ही टोपणं उघडायची असा सरांनी नियम काढला आहे, आणि शिडी धावपट्टीपाशीच असते. संतोषदादा रोज सकाळी नळ्या तारेने तपासतात आणि जाळीच्या टोप्या लावतात. शेवटच्या वळणावर मी कान देऊन ऐकत होते. कुणी खाकरलं नाही. इतकं शांत होतं की मला एकटं वाटलं.

तुमचा मी राग करावा का, हे मला अजून कळलेलं नाही. थोडा येतो. पण पत्र लिहावंसं तुम्हालाच वाटतं.

जबाबाची प्रत मिळाली. पाकीट मी वैष्णवीसमोर उघडलं, कारण आता तशी सवय झाली आहे. तुम्ही म्हणता की अंगठ्याखाली जागा कोरी सोडली. ती कोरी नाही, आबा. तिथे निळ्या शाईत, आम्ही कुणीच ओळखत नाही अशा अक्षरात, एक ओळ आहे. ती आम्हा दोघींनाही दिसते, आणि आज तिसऱ्या दिवशीही आहे. म्हणून तिचा फोटो न काढता तो कागदच परत पाठवतेय. तुम्ही बघा.

"जबाब वाचून पाहिला. बरोबर आहे."

खाली सही आहे, विश्वजीत. त्या ओळीवर रेघ नाही.

तुमची,
तेजू